मन्मथअप्पांचा समास

वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणारा माणूस दिसला की माझं डोकंच फिरतं. जळकोटच्या या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून मला सव्वीस वर्षं झाली. पानं फाडणारे बघितले, दुमडणारे बघितले, डोक्याचं तेल पुस्तकाला पुसणारे बघितले. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर 'खून मामानं केलाय' असं लिहून ठेवणारा एक महाभागही बघितला. एकेकाला मी असं झापलंय की तो परत पायरी चढला नाही. मन्मथअप्पांनाही झापलं होतं, पण ते दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर.

तेव्हा मी नोकरीत नवी होते. दुपारी साडेअकराची वेळ. खिडकीजवळच्या टेबलाशी पन्नाशीचा एक माणूस बसलेला. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. समोर हैदराबादच्या मुक्तिलढ्यावरचं आमचं सगळ्यात जाड पुस्तक, आणि हा माणूस त्याच्या समासात खुशाल पेन्सिलीनं लिहून राहिलेला. मी तरातरा गेले आणि पुस्तक ओढून घेतलं. काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण चांगलं नसणार. अप्पांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, काय लिवलंय ते वाचून तर बघा ताई, मग रागवा.

पुस्तकात छापलं होतं की कार्यकर्त्यांनी अमक्या गावचा करोडगिरीचा नाका जाळला आणि नदी ओलांडून ते पलीकडे निसटले. करोडगिरी म्हणजे निजामाच्या राज्यातली जकात. समासात अप्पांचं बारीक अक्षर होतं: 'नदी नाही, ओढा. नाका जळाला नाही, आतलं दप्तर जळालं. दोन तोंडं विचारली.' दोन तोंडं म्हणजे त्या गावची दोन म्हातारी माणसं. अप्पा एसटीनं तिथं जाऊन, दोघांना वेगवेगळं गाठून, एकाचं दुसऱ्याला कळू न देता विचारून आले होते. दोघांचं जुळलं तरच लिहायचं, असा त्यांचा कायदा.

मी म्हटलं, वाचनालयाचाही कायदा आहे. त्यांच्यासमोर खोडरबर घेऊन ते सगळं पुसलं. दुसऱ्या दिवशी अप्पा आले, तेच पान काढलं आणि तेच शब्द परत लिहिले. मी परत पुसलं. आठ दिवस हा खेळ चालला. ते एका शब्दानं भांडले नाहीत. एवढंच म्हणायचे की पेन्सिल आहे, पुसता येती, शाई मी पुस्तकाला जन्मात लावणार न्हाई. नवव्या दिवशी मीच थकले आणि खोडरबर ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे, तो इथपासून.

अप्पांचं गावात भांड्यांचं दुकान. लग्नाच्या दिवसांत तिथं पाय ठेवायला जागा नसायची, कारण भांड्यावर नाव घालावं तर अप्पांनीच. ती विजेवर चालणारी सुई त्यांच्या हातात वळणदार चालायची. पण घाई केली की संपलं. नाव आधी चिठ्ठीवर लिहून घ्यायचे, मग मोठ्यानं वाचायचे, मग गिऱ्हाइकाला वाचायला लावायचे. आपल्या सख्ख्या बहिणीचं नाव मी तीनदा कशाला वाचू म्हणून लोक चिडायचे. त्याला कारण होतं. तरुणपणी त्यांनी एका आहेराच्या तांब्यावर 'मालन'च्या जागी 'शालन' घातलं होतं. नवरदेवाची पहिली बायको शालन, ती वारलेली. मांडवात रडारड झाली. अप्पांनी तो तांब्या परत आणला, दुसरा दिला, आणि तेव्हापासून स्वतः त्या शालनच्या तांब्यानंच पाणी प्यायचे. घरात स्टीलची रास पडलेली आणि हा माणूस पोचे पडलेला तांब्या तोंडाला लावतोय. त्यांची बायको म्हणायची, लोकांना वाटतंय यांचंच कुठं लफडं होतं.

अकरा ते एक दुकान मुलावर सोपवून अप्पा वाचनालयात. वाचायचे फक्त इतिहास, आणि तोही देश कसे सुटले याचाच. आधी आपला देश वाचून काढला. मग आमच्या कपाटात जे जे होतं ते: आयर्लंड, अल्जीरिया, व्हिएतनाम, घाना. पुस्तक परत करताना एकच प्रश्न ठरलेला, ''ह्यांची ॲक्शन कवा झाली म्हणायची?'' आमच्याकडं फौज आली आणि निजामाचं राज्य संपलं, त्याला म्हातारी माणसं अजून पोलीस ॲक्शन म्हणतात. वयंसुद्धा त्यावरनंच मोजतात. अप्पा ॲक्शनच्या दोन महिने आधीचे. त्यामुळं त्यांच्या हिशेबानं जगातला प्रत्येक देश कधी ना कधी आपापल्या ॲक्शनला पोचला होता, किंवा पोचायचा होता. अल्जीरियाचं पुस्तक वाचून दोन दिवस जेवले नव्हते म्हणे. तिसऱ्या दिवशी मला येऊन म्हणाले, आपले लोक तेरा महिने थांबले ताई, हे लोक किती वर्सं थांबले बघा. देश पंधरा ऑगस्टला सुटला आणि आम्ही पुढच्या वर्षीच्या सतरा सप्टेंबरला, हे तेरा महिने त्यांच्या डोक्यातून जात नसत. कुणी उशिरा आलं की त्याला 'या तेरा महिने' म्हणायचे. मी एकदा कुलूप उघडायला दहा मिनिटं उशिरा आले तर मलाही ऐकवलं.

त्यांच्या टिपा वाचणारे हळूहळू वाढले. आधी दोन रिटायर मास्तर, मग परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं-पोरी. 'मुक्तिलढ्याचं द्या, अप्पाची प्रत द्या' म्हणायची. दुसरी कोरी प्रत होती, ती कुणी नेत नसे. एका पानावर ॲक्शननंतर काही गावांत मुसलमान शेजाऱ्यांचं काय झालं याच्या चार ओळी होत्या. तिथं अप्पांनी लिहिलं होतं, 'इथं पानं कमी पडली.' बाकी काही नाही. देगलूरचे खलील मास्तर इथं लेकीकडं आले असताना त्यांच्या नजरेला ते पान पडलं. उर्दू शाळेतून रिटायर झालेला गंभीर माणूस. पुस्तक मिटलं, अप्पांचं दुकान विचारत गेले आणि दारात उभे राहिले. काय बोलले कुणास ठाऊक. पण पुढं वर्षानुवर्षं खलील मास्तर जळकोटला आले की लेकीच्या आधी अप्पांकडं जायचे.

अप्पांना उर्दू वाचता यायचं. वडील उर्दू शाळेत शिकलेले, त्यांनी घरी शिकवलं होतं. तालुक्यात जुने उर्दू कागद वाचणारा माणूस म्हणून त्यांचा लौकिक होता, आणि त्यांना त्याचा गर्व होता. होता म्हणजे होताच, मी कशाला लपवू. कुणी वतनाचा, कुणी शेताचा कागद घेऊन आलं की अप्पा हात धुऊन बसायचे, भिंग काढायचे आणि सुईचं काम बाजूला टाकून द्यायचे.

असाच एक माणूस ट्रंकेतून निघालेले कागद घेऊन आला. त्यात निजामाच्या कचेरीतली एक यादी होती. चार-पाच नावं, प्रत्येकाच्या पुढं गाव आणि एक शब्द. एक नाव दौलतराव, गाव आमच्याच तालुक्यातलं. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही, लहान गाव आहे. बापाचं नाव होतं ती जागा वाळवीनं खाल्लेली. आणि पुढचा शब्द अप्पांनी वाचला, मुखबीर. म्हणजे खबऱ्या.

आता मुक्तिलढ्याच्या त्या जाड पुस्तकाच्या शेवटी निजामाशी लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेलेल्यांची यादी आहे, आणि तिच्यात त्याच गावचा दौलतराव आहे. अप्पा दुसऱ्या दिवशी आले ते घामाघूम. बराच वेळ ते पान उघडून बसले. मग लिहिलं, 'हा मुखबीर होता. कागद पाहिला.' मी वाचलं आणि विचारलं, अप्पा, दोन तोंडं? ते म्हणाले, कागद हाय ताई, कागदाम्होरं तोंडं काय करायची. मला ते पटलं. खरं सांगते, मला त्यांचं कौतुकच वाटलं.

दोनेक वर्षं गेली. मागच्या ऑगस्टच्या शेवटी त्या गावचा एक माणूस अप्पांच्या दुकानात पातेली घ्यायला आला. अप्पा नाव घालत होते, तर तो सहज म्हणाला की अप्पा, बरं झालं तुम्ही खरं बाहेर काढलं, यंदा आम्ही दौलतरावाच्या रुक्मिणबाईला झेंड्याला बोलावत नाही. रुक्मिणबाई ही दौलतरावाची लेक. गावातच दिलेली, ऐंशी पार केलेली, विधवा. दर सतरा सप्टेंबरला त्या गावात झेंड्याची दोरी तिच्या हातात द्यायची रीत होती, बाप कॅम्पात गेला होता म्हणून. त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून पहाटेपासून तयार असायची. गावातल्या वैष्णवी नावाच्या पोरीनं अप्पांची टीप वाचली, मोबाईलवर फोटो काढला, मैत्रिणीला पाठवला, आणि तो गावाच्या ग्रुपवर गेला. दोन महिने झाले म्हातारीशी कुणी धड बोलत नव्हतं. का, ते तिला कुणी सांगितलेलंही नव्हतं.

अप्पा सुई बंद करून तसेच वाचनालयात आले. मी एवढं भेदरलेलं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी पाणी दिलं, प्यायले नाहीत. म्हणाले, खोटं तर लिवलं न्हाई मी? मी म्हटलं, कागद होता ना तुमच्याकडं. तर म्हणाले, व्हता, पण वाचला मी एकट्यानं.

दुसऱ्याच दिवशी खलील मास्तरांना बोलावून घेतलं. ती भेट माझ्यासमोर झाली, खिडकीजवळच्या टेबलावर. मास्तरांनी ट्रंकेवाल्याकडून मागून आणलेला तो कागद उजेडात धरला, भिंग लावलं, एकदा वाचला, पुन्हा वाचला. अप्पा त्यांच्या तोंडाकडं बघत होते. निकाल लागायच्या आधी पोरं बघतात तसं.

''अप्पा, ये मुखबिर नै दिखरा,'' मास्तर म्हणाले. ''मुहर्रिर लगता.''

मुहर्रिर म्हणजे लिहिणारा, कचेरीतला कारकून. मास्तरांनी मला कागदावर दोन्ही शब्द काढून दाखवले. नीट लिहिले तर फरक कळतो. पण कचेरीतले लोक घसीट लिहायचे, म्हणजे हात न उचलता, भराभर. नुक्ते म्हणजे ते टिंब द्यायचेच नाहीत, आणि न जुळणारी अक्षरंही जुळवून टाकायचे. मग खबऱ्याचा कारकून होतो आणि कारकुनाचा खबऱ्या. अप्पांनी विचारलं, पक्कं? मास्तर म्हणाले, इत्ता घसीट लिख्या है, पक्का कौन बोल सकता, पर मेरेको मुहर्रिर लगता.

अप्पांनी मान खाली घातली ती वर केली नाही. सतरा सप्टेंबरला तीन आठवडे उरले होते.

पहिलं काम म्हणजे ते पुस्तक. अप्पांचं म्हणणं, मी माझ्या हातानं पुसणार, आणि पुसलेलं पान त्या गावात नेऊन दाखवणार. मी रजिस्टर काढलं. पुस्तक वैष्णवीच्याच नावावर होतं, आणि ती अभ्यासाला नांदेडला गेलेली. फोन लागेना. अप्पा रोज दहा वाजताच येऊन पायरीवर बसायचे, लागला का म्हणून विचारायचे. जेवण तुटलं होतं. मुलानं सांगितलं की भांड्यावर नाव घालायचं त्यांनी बंदच केलंय. मला रात्री झोप लागेना. ड्रॉवर उघडला की ते खोडरबर दिसायचं आणि मी तो तसाच बंद करायचे. शेवटी वैष्णवीच्या आईकडून पत्ता मिळाला आणि आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं नांदेडला गेलो. सबंध वाटेत अप्पा एकच वाक्य बोलले. म्हणाले, ती दोरी ह्या वर्सी दुसऱ्याच्या हातात गेली तर परत तिच्या हातात येणार न्हाई.

अभ्यासिका म्हणजे एका दुकानाच्या वरचा हॉल, प्लायवूडचे खुराडे केलेला. वैष्णवी आम्हाला बघून पांढरी पडली. गरीब पोर, दंड घ्यायला आलो असं तिला वाटलं. पिशवीतून पुस्तक काढून दिलं. कव्हर घातलेलं, जपून ठेवलेलं. अप्पांनी खोडरबर हातात घेऊनच ते पान उघडलं.

टीप निळ्या बॉलपेननं होती.

अप्पांनी मागचं पान बघितलं, त्याच्या मागचं बघितलं. सगळ्या टिपा निळ्या. पंचवीस वर्षांपूर्वीच्या टिपेपासून दोन वर्षांपूर्वीच्या टिपेपर्यंत, पेन्सिलीच्या एकेका अक्षरावरून पेन फिरवलेला.

''पुसट व्हायलं होतं आजोबा,'' वैष्णवी म्हणाली. ''जाईल म्हणून पक्कं केलं. सगळंच पक्कं केलं.''

मला तिच्या थोबाडीत द्यावी वाटली आणि त्याच क्षणी रडूही आलं. अप्पांनी पुस्तक मिटलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, अक्षर चांगलं हाय तुझं. आणि जिना उतरून खाली गेले. पुढं मी पट्टी चिकटवू म्हटलं, ते नको म्हणाले. झाकलं तर लोक म्हणतील काहीतरी लपवलंय. त्या निळ्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं, 'हे मी चुकीचं वाचलं.'

मग रुक्मिणबाईकडं. अप्पा म्हणाले, झेंड्याच्या आधी तिचे पाय धरायचे. मी बरोबर गेले, कारण त्यांच्या एकट्याच्यानं हे होणार नाही असं वाटलं. म्हातारी अंगणात बाजेवर मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. अप्पांनी सगळं सांगितलं. कागद कसा आला, काय वाचलं, काय लिहिलं. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं. आपल्याशी लोक का बोलत नाहीत, ते तिला त्या दिवशी अंगणात, चूक करणाऱ्याच्या तोंडून कळलं. शेंगा हातातच राहिल्या. अप्पा घाईघाईनं म्हणाले, पण अक्का, शब्द तो न्हवंच, शब्द मुहर्रिर हाय.

''म्हंजे काय वो?''

''लिवणारा. कचेरीतला कारकून.''

''लिवणारा?'' रुक्मिणबाई म्हणाल्या. ''माझ्या बापाला कुठं लिवता येत व्हतं? अंगठा करायचा त्यो.''

मी अप्पांकडं बघायचं टाळलं. म्हातारीला मात्र त्यात सुटकाच दिसली. तिनं शेंगा खाली टाकल्या आणि म्हणाली, मग त्यो दुसरा कोन दौलतराव आसंल, माझा बाप न्हवंच त्यो. अप्पा म्हणाले, आसंल अक्का.

''आसंल न्हाई. हाय म्हना.'' तिनं अप्पांचा हात धरला. ''मला वाचता येत न्हाई अप्पा. कोन काय लिवलं ते मला दिसत बी न्हाई. पर मी गेले की नळावरच्या बाया गप हुत्यात. तुमी समद्यांम्होरं न्हाई म्हना. येवढंच पायजे मला.''

परत येताना अप्पा फाट्यावरच्या झाडाखाली बसले. एसटी आली तरी उठेनात. मी म्हटलं, बोलून टाका ना अप्पा, नव्हता म्हणून, कुणाचं काय जातं. ते म्हणाले, ''ताई, दौलतरावाला लिवता येत नसंल तर त्यो कारकून न्हवता. मग दोनच राहिलं. कागदातला दौलतराव दुसरा, न्हाईतर माझं पयलं वाचन खरं.'' एसटी निघून गेली. पुढची दीड तासानं होती. तो दीड तास मला कधी विसरायचा नाही. त्यांनी एकदाही विचारलं नाही की मी काय करू. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

सतरा तारखेला सरपंचांनी अप्पांना दोन मिनिटं दिली. शाळेच्या पटांगणात सगळं गाव. रुक्मिणबाई बोलावणं नसताना आल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, शेवटच्या रांगेत. अप्पा माईकसमोर उभे राहिले आणि उगाच माईक खालीवर करत राहिले. मला वाटलं, हा माणूस आता खाली बसणार. मग ते बोलले.

''दौलतराव मुखबीर न्हवता. मी चुकीचं लिवलं. गुन्हा माझा हाय, त्या माऊलीचा न्हाई.''

मागून एका पोरानं विचारलं, मग कागदावर काय लिहिलंय अप्पा? अप्पांनी त्याच्याकडं बघितलं. चाळीस वर्षं तालुक्याचे कागद वाचणारा माणूस म्हणाला, ''त्यो कागद मला वाचता येत न्हाई.''

मग सरपंचांची बायको शेवटच्या रांगेत गेली आणि म्हातारीला हाताला धरून पुढं आणलं. दोरी रुक्मिणबाईंनी ओढली. गाठ लवकर सुटेना, तर सगळं गाव माना वर करून थांबलं. मी रडत होते, अप्पा रडत नव्हते. ते झेंड्याकडंही बघत नव्हते.

आठवड्याभरानं सकाळी मी वाचनालयाकडं निघाले होते, तर बसस्टँडवर अप्पा दिसले. खांद्याला पिशवी, हातात काठी. हैदराबादला निघालो म्हणाले. तिथं सरकारी दफ्तरात त्या सालचे कागद आहेत, खलील मास्तरांच्या भाच्यानं सोय केलीय. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, महिनाभर अर्धपोटी. मी म्हटलं, आता कशाला अप्पा, झालं ना सगळं चांगलं. ते म्हणाले, चांगलं झालं, पण खरं काय ते मला ठाऊक न्हाई. बस लागली. ते पायरीवर चढले तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. विचारलं, आणि तिथं सापडलं की होता, तर?

अप्पा दांडीला धरून उभे राहिले. मागची माणसं ढकलत होती.

''तर कुनाला सांगणार न्हाई,'' ते म्हणाले. ''पर मला ठाऊक पायजे.''

खिडकीतून त्यांनी हात केला नाही. पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत बसले होते. तेवढंच शेवटचं दर्शन.

हैदराबादहून ते परस्पर लातूरला मुलीकडं उतरले, अंगात ताप होता. दवाखान्यात पंधरा दिवस काढले आणि गेले. दिवस झाल्यावर मुलीचा फोन आला. पिशवीत उर्दू कागदांच्या झेरॉक्स आहेत म्हणाली, आणि एक चिकटवलेलं पाकीट, त्याच्यावर माझं नाव. कुणाला सांगणार नाही म्हणाले होते, आणि पाकीट माझ्या नावाचं. कधी नेताय, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, येते पुढच्या आठवड्यात. तिनं चारदा फोन केला आणि चारही वेळा मी हेच सांगितलं.

परवा बाजाराच्या दिवशी रुक्मिणबाई वाचनालयाची पायरी चढून आल्या. पहिल्यांदाच. म्हणाल्या, माझ्या बापाचं नाव ज्या बुकात हाय ते दावा. मी ती दुसरी, कोरी प्रत काढायला गेले, ती कुणीतरी नेलेली. मग अप्पांचीच काढली. पान उघडलं आणि त्यांचं बोट धरून छापलेल्या नावावर ठेवलं. त्यांनी ते हळूहळू नावावरून फिरवलं. मग बोट समासात गेलं, निळ्या अक्षरांवर.

''ह्ये बी त्येंचंच नाव?''

''होय,'' मी म्हटलं. ''त्यांचंच.''

त्यांनी त्याच्यावरूनही बोट फिरवलं, डोळ्याला लावलं आणि बाजाराला गेल्या. मी दार लोटून घेतलं आणि लातूरला फोन लावला. अप्पांच्या मुलीला सांगितलं की ते पाकीट तिकडंच राहू दे, आणि तू उघडू नकोस.